कारागृहात असलेल्या पालकांच्या मुलांसोबत इंटर्नशिप: कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

दर वर्षी कॉलेजचं पत्र घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न असतो, "मॅडम, जेलमध्ये कधी जायचं?" क्रम चुकायला इथूनच सुरुवात होते. आई किंवा बाप आत असलेल्या मुलाचं आयुष्य जेलमध्ये चालत नाही. ते आजीच्या पडवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि वाडीच्या पाणंदीत चालतं. तुमचं कामही बहुतेक तिथेच असणार आहे. बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यू या समाजकार्याच्या पदव्यांचं क्षेत्रकार्य असो, एमएच्या अभ्यासक्रमातलं ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकणं) असो किंवा संस्थेत स्वतःहून घेतलेली इंटर्नशिप असो, खालचा क्रम मोडू नका. मी हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. यातली जवळजवळ प्रत्येक सूचना कुणीतरी केलेल्या चुकीतून आली आहे, आणि त्या चुकांची किंमत विद्यार्थ्यांपेक्षा मुलांनीच जास्त मोजली आहे.

## १. शेवटचा दिवस आधी ठरवा

ओजेटीचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. पुष्कळ जण सुट्टीत रोज सहा तास काम करून वीस दिवसांत ते उरकायला बघतात. या कामात तसं करू नका. या मुलाच्या घरातलं एक माणूस एका रात्रीत, काही न सांगता गेलेलं असतं. तुम्ही वीस दिवस रोज यायचं, जीव लावायचा आणि मग दिसेनासं व्हायचं, म्हणजे त्याला तेच पुन्हा सोसायला लावायचं. आठवड्यातून दोन दुपारी, तीन-तीन तास, वीस आठवडे असं बसवा. हिशेब १२० तासांचाच होतो. कागद, प्रवास आणि नोंदी यांचा वेळही त्यातच धरा.

कोकणात यासाठी डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. जून-जुलैत लावणी असते, घरात मोठं माणूस सापडत नाही. त्यानंतर गणपतीची धावपळ. शिमग्याचा आठवडा आधीच वगळून ठेवा. एप्रिल सरत आला की आजी आंब्याच्या बागेत मजुरीला जायला लागते, म्हणून काम त्याआधी आटपेल असं बघा.

तपासा: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि तुमच्या परीक्षेचे दिवस एका कागदावर लिहिले का? शेवटची तारीख पक्की नसेल तर सुरुवात करू नका.

## २. पत्रं आणि परवानग्या

दोन परवानग्या लागतात, आणि विद्यार्थी त्यांची सरमिसळ करतात.

पहिली बाहेरच्या कामाची. कॉलेजचं पत्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावे द्या. तिथून तुमचा संबंध जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी येईल. कुठल्या मुलासोबत काम करायचं हे कक्ष किंवा तुमची संस्था ठरवेल. "आमच्या गावात एक घर आहे, त्यांचा मुलगा जेलात आहे" असं म्हणून स्वतःच घर निवडू नका. ओळखीच्या गावात तर नाहीच नाही. तुमची आत्या शेजारच्या वाडीत राहत असेल तर त्या मुलाची गोष्ट गुप्त राहणार नाही.

दुसरी परवानगी कारागृहात जाण्याची. रत्नागिरीचं विशेष कारागृह, सावंतवाडी किंवा अलिबागचं जिल्हा कारागृह, कुठेही विद्यार्थी म्हणून आत जायचं असेल तर अधीक्षकांकडे वेगळा लेखी अर्ज लागतो. प्रकरण पुण्याच्या कारागृह व सुधारसेवा मुख्यालयापर्यंतही जाऊ शकतं. त्याला वेळ लागतो, म्हणून तोवर बाहेरचं काम अडवून ठेवू नका. अनेकांना आत जायची गरजच पडत नाही.

आईसोबत कारागृहात राहणाऱ्या लहान मुलांचा मामला वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात घालून दिलेल्या नियमांप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. त्यानंतर त्याला बाहेर यावं लागतं. इथे विद्यार्थ्याचा खरा उपयोग बाहेर असतो. मूल ज्या घरी येणार ते घर तयार आहे का, शाळेत नाव घालायला जन्माचा दाखला आहे का, आजीला किंवा मावशीला तारीख माहीत आहे का, हे सगळं सहावा वाढदिवस उजाडण्याच्या बऱ्याच आधी बघावं लागतं. आतच वाढलेल्या मुलाला रात्रीचा काळोख, कुत्री, समुद्राचा आवाज, सगळंच नवं असतं. घरच्यांना याची आधीच कल्पना द्या. नाहीतर पहिल्या आठवड्यातच "पोर हट्टी आहे" असा शिक्का बसतो.

सावधान: कॉलेजला दिलेल्या कुठल्याही पत्रात मुलाचं, पालकाचं किंवा वाडीचं नाव नको. पत्रं टेबलाटेबलावरून फिरतात.

## ३. जाण्याआधी हे पाठ करा

कच्चा कैदी म्हणजे खटला चालू असलेला, न्यायाधीन बंदी. पक्का कैदी म्हणजे शिक्षा झालेला. हा फरक नीट समजून घ्या. कच्च्या कैद्याला घरात कुणीही, तुम्हीसुद्धा, गुन्हेगार म्हणायचं नाही. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. बालकल्याण समिती हे मुलाविषयी आदेश देणारं मंडळ आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे काम करणारं कार्यालय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोठडीतल्या माणसाला आणि मुलांना मोफत वकील देतं. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन, रात्रंदिवस चालू असते.

दोन कायदेशीर गोष्टींत माफी नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरं म्हणजे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुमच्या कानावर आलं, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मुलाला कधीही "तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तू धोक्यात असशील तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, बाकीचं आपल्यात राहील" असं म्हणा.

## ४. पहिली भेट मुलाची नव्हे, मोठ्यांची

पहिल्या भेटीला मूल शाळेत असेल अशी वेळ घ्या. मूल सांभाळणारी बहुतेकदा आजी असते, कधी काकी, कधी एकटी आई. तिची लेखी संमती घ्या. लिहिता येत नसेल तर तिला वाचून दाखवा आणि तिच्या विश्वासातल्या माणसासमोर अंगठा घ्या.

मात्र त्या दारापर्यंत पोचायचं कसं, याची तयारी आधी करा. कोकणातल्या वाडीत अनोळखी पाऊल पडलं की तीन घरांतून आवाज येतो, "कोणाकडे?" उत्तर आधीच ठरवून ठेवा. ते खरं असलं पाहिजे आणि घराची गोष्ट उघड करणारं नसलं पाहिजे. "कॉलेजकडून मुलांच्या अभ्यासाचं काम आहे" एवढं पुरे. गळ्यात ओळखपत्र लटकवून किंवा संस्थेचा टी-शर्ट घालून जाऊ नका. अंगणवाडीसेविका किंवा आशाताई सोबत आल्या तर आत शिरणं सोपं होतं, पण घरच्यांना आधी विचारा. कधी कधी नेमक्या त्याच ताईंशी भावकीचं वाकडं असतं.

आमच्याकडे सगळ्यात चांगली चाललेली युक्ती सांगते. एका मुलासाठी जाऊच नका, वाडीतल्या पाच-सात मुलांचा अभ्यासवर्ग घ्या. देवळाच्या सभामंडपात, समाजमंदिरात किंवा कुणाच्या खळ्यात. आपलं मूल त्यात एक असतं. कुणी बोट दाखवत नाही, आणि तुम्ही दर मंगळवार-शुक्रवार येण्याचं कारण उघड असतं.

याच्या उलट एकदा झालं होतं. एक विद्यार्थी उत्साहाच्या भरात थेट शाळेत गेला आणि वर्गाच्या दारात उभं राहून "कारागृहाच्या प्रोजेक्टसाठी" म्हणत मुलाचं नाव विचारलं. त्या दिवसापासून पोरगा शाळेत जाईना. त्याला परत वर्गात बसवायला आमचा अख्खा महिना गेला. शाळेशी बोलायचंच असेल तर घरच्यांच्या संमतीनंतर, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांशी, शाळा सुटल्यावर बोला.

तपासा: संमती मिळाली? घरात मुलाला काय सांगितलंय ते विचारलंत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर मुलाला अजून भेटू नका.

## ५. "बापूस बोटीवर गेलाय"

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आपल्याकडे बाप घरात नसणं ही नवलाची गोष्ट नाही. कुणाचा मुंबईला, कुणाचा बोटीवर, कुणाचा आखातात. म्हणून घरचे सोपं उत्तर देतात आणि ते काही काळ खपतंही. पण कोकणातलं वर्षच ते खोटं उघडं पाडतं. गणपतीला सगळे चाकरमानी येतात, हा येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. एका वाडीत दुसरीतली मुलगी त्या होड्या मोजत बसली होती. ज्या होडीवर बापूस गेल्याचं तिला सांगितलं होतं, ती समोर वाळूत उभी होती. ती आमच्या विद्यार्थिनीला म्हणाली, "होडी आली, बापूस नाय आला." तिला सगळं कळलेलं होतं. फक्त विचारायची सोय कुणी ठेवली नव्हती.

खरं सांगणं हे तुमचं काम नाही, ते घरच्यांचं आहे. घरच्यांना तयार करणं आणि शब्द सुचवणं हे तुमचं काम. आजीला उपदेश करू नका. तिने लाजेपोटी आणि मायेपोटी खोटं सांगितलेलं असतं. तिला विचारा, "उद्या शाळेत कुणी बोललं तर ती कुणाकडे येईल?" आजी बहुतेक वेळा स्वतःच म्हणते की मग मीच सांगितलेलं बरं.

लहान मुलासाठी एवढे शब्द पुरतात: "पोलिसांनी बाबांना एका ठिकाणी ठेवलंय. तिथे जेवण मिळतं, झोपायला जागा आहे. त्यांना स्वतःहून घरी येता येत नाही. कधी यायचं ते कोर्ट ठरवेल. तुझ्यामुळे ते गेलेले नाहीत." शेवटचं वाक्य गाळू नका. आपण दंगा केला, खाऊसाठी हट्ट केला म्हणून बाबा गेले, असं पुष्कळ मुलांच्या मनात असतं.

आठ-दहा वर्षांपुढचं मूल आरोपही विचारेल. त्याला घरच्यांनी थोडक्यात, तपशील न रंगवता सांगावं. मोबाइलवरच्या बातमीतून कळण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

सावधान: घरच्यांचं ठरत नसेल तोवर तुम्ही खोट्यात सामील होऊ नका आणि खरंही बोलू नका. मुलाने विचारलंच तर म्हणा, "हे तुला आजी नीट सांगेल. आपण दोघं तिला विचारायचं का?"

## ६. मुलाबरोबरचे तास

पहिले तीन-चार आठवडे पालकाचा विषय तुमच्याकडून काढायचाच नाही. पाढे, वाचन, चित्रं, सागरगोटे, क्रिकेट, जे चालू असेल ते. ठरल्या वेळेला हजर राहणं हेच या कामातलं खरं औषध. एसटी चुकली तर घरी फोन करून कळवा, दहा मिनिटांचा उशीर असला तरी. या मुलांचं लक्ष रस्त्याकडे असतं.

प्रश्न येतील तेव्हा छोटी, खरी उत्तरं द्या. "बाबांनी मारामारी केली का?" "मला माहीत नाही. ते कोर्ट बघतंय." "कधी येणार?" "तारीख मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी सांगणार नाही." मालवणीत कुणी विचारलं, "माझो बापूस वायट आसा?", तर त्याच्याच बोलीत, जमेल तशी, सांगा की माणसाच्या हातून चूक होते, कोर्ट ती तपासतं, आणि बापसावर माया करायला कुणाची परवानगी लागत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका सांगते. मुलाला गुन्ह्याचे तपशील विचारणं. चित्रात काळा रंग दिसला की लगेच निदान करणं. बाहुली, दप्तर, पैसे देणं. दिलंच पाहिजे तर अभ्यासवर्गातल्या सगळ्यांना सारखं द्या. घरच्यांचा आतल्या माणसासाठीचा निरोप, खटल्याचा कागद किंवा साक्षीदाराविषयीचं काही पोचवणं तर पूर्ण वर्ज्य. जामिनाविषयी कुणी विचारलं तर "विधी सेवा प्राधिकरणात विचारू" एवढंच म्हणा आणि त्यांना तिथे घेऊन जा.

मूल अंथरूण ओलं करू लागलं, जेवण तुटलं, शाळा बंद झाली, स्वतःला इजा करू लागलं किंवा "मला मरायचंय" म्हणालं, तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना आणि कक्षाला कळवा. पुढच्या मंगळवारची वाट बघू नका.

## ७. योजनांचे कागद

राज्याची बालसंगोपन योजना, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, कारागृहात असलेल्या पालकांच्या मुलांनाही लागू होऊ शकते. मदत दरमहा २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व दरमहा ४,००० रुपयांचं आहे. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. दोन्ही एकदम मिळतील असं घरच्यांना सांगू नका. कुठली बसते ते कक्ष ठरवेल.

कागदांचाही क्रम आहे. पालक आत असल्याचा कारागृहाचा दाखला सगळ्यात आधी मागा, कारण तो यायला वेळ लागतो. त्याचा अर्ज घरच्यांच्या सहीने जातो. तो येईपर्यंत मुलाचं आधार आणि जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं खातं ही जुळवाजुळव करा. आधारवरचं आणि शाळेतलं नाव एकच आहे का ते अक्षर अन् अक्षर तपासा. अर्ज अडतात ते बहुधा इथे.

"मंजूर होईल" हा शब्द उच्चारू नका. "अर्ज करू" म्हणा.

## ८. मुलाखतीची तयारी

कैद्याला भेटायला जाणं याला आपल्याकडे मुलाखत म्हणतात. मुलाला न्यायचं की नाही ते घरचे आणि मूल ठरवतील. गुन्हा घरातच घडलेला असेल, म्हणजे आईचा जीव गेला असेल किंवा मुलावरच अत्याचार झाला असेल, तर भेटीचा विषय तुम्ही काढू नका. त्याचा निर्णय बालकल्याण समिती किंवा न्यायालय घेईल.

जायचं ठरलं तर आदल्या दिवशी कारागृहात फोन करून तीन गोष्टी विचारा: तो माणूस अजून तिथेच आहे का, भेटीचा वार आणि वेळ काय, ओळखपत्रं कुठली लागतात. पहिला प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठी शिक्षा झाली की अनेकदा कोल्हापूरला, कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात हलवतात. पहाटेच्या एसटीने येऊन दारातून परत फिरणारी आजी मी पाहिली आहे, मांडीवर झोपलेल्या नातवासकट.

कळंब्याला जायचं तर रत्नागिरीहून आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटर. घाटात मुलांना मळमळतं, तेव्हा रिकाम्या पोटी किंवा वडापाव खाऊन नेऊ नका. सुकी पोळी, पाणी, एक जादा कपडा जवळ ठेवा. प्रवास झेपणारा नसेल तर ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटीची, नोंदणी करून द्या. काही कारागृहांत मुलांसाठी गळाभेटीचा कार्यक्रम होतो, तिथे मूल पालकाला प्रत्यक्ष मिठी मारू शकतं. त्याची तारीख कारागृहाकडे विचारत राहा.

मुलाला काय दिसेल ते आधी सांगा: मोठं दार, झडती, रांग, कदाचित मधे काच किंवा जाळी, फोनवरून बोलणं, आणि थोडाच वेळ. "हात लावता येणार नाही" हे घरूनच सांगितलेलं बरं. बोलायच्या दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या. काचेसमोर मुलं गप्प होतात आणि मग परतीच्या वाटेवर त्याचंच रडतात. एका मुलाने तळहातावर पेनने तीन शब्द लिहून नेले होते: गणित, कुत्रा, दात. तिन्ही सांगून झाले.

मुलाला तुम्ही एकट्याने कधीही नेऊ नका. सांभाळणारं माणूस सोबत हवंच. परतताना प्रश्न विचारू नका, खिडकीची जागा द्या. पुढचे एक-दोन दिवस चिडचीड होईल, हे आजीला सांगून ठेवा. त्यावरून "भेट नकोच" असा निर्णय लगेच होऊ देऊ नका.

## ९. नोंदी

नोंदवहीत नाव नाही, वाडीही नाही. "म-१" असा संकेत वापरा आणि संकेताची यादी मार्गदर्शकांकडे ठेवा. जे पाहिलं ते एका रकान्यात, जे वाटलं ते दुसऱ्या. फोटो काढूच नका, पाठमोरासुद्धा नाही. वाडीतली माणसं पाठीवरून आणि फ्रॉकवरून ओळखतात. व्हॉट्सॲपच्या वर्गगटात "आजचा अनुभव" टाकू नका. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी गावाचं नाव विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा.

## १०. निरोप

सोळाव्या आठवड्यात मुलाला शेवटची तारीख सांगा. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि उरलेल्या आठ भेटींवर त्याच्याच हाताने गोल काढून घ्या. प्रत्येक भेटीनंतर तो एक गोल खोडेल. काही मुलं या काळात रुसतात, येईनाशी होतात. तुम्ही मात्र ठरल्या वेळेला जाऊन तिथे बसा.

अठराव्या आठवड्यात, पुढे काम सांभाळणाऱ्या माणसाला, मग ती संस्थेची कार्यकर्ती असो वा पुढचा विद्यार्थी, दोनदा सोबत घेऊन जा. अर्ज कुठवर आले, दाखला कुणाकडे आहे, पुढची मुलाखत कधी, हे एका पानावर लिहून एक प्रत आजीकडे आणि एक कक्षाकडे द्या. कक्षाचा फोन आणि १०९८ मोठ्या अक्षरात लिहून तिच्या डब्याच्या झाकणावर किंवा कॅलेंडरच्या मागे चिकटवा.

शेवटच्या दिवशी "येत जाईन हं" म्हणू नका, अगदी म्हणावंसं वाटलं तरी. तुमचा खासगी नंबर देऊ नका. पुस्तक वाचून संपवा, मुलांची चित्रं मुलांकडेच ठेवा, कॅलेंडरवरचा शेवटचा गोल त्याला खोडू द्या, आणि रोजच्याच एसटीने, रोजच्याच वेळेला निघा.